आजचं चिंतन: पाऊस येतो, पाऊस जातो (गीता २.१४)

॥ श्रीराम समर्थ ॥



आजचा श्लोक दुसऱ्या अध्यायातला चौदावा. तुमच्यापैकी बऱ्याच जणांना तो पाठ असेल. साध्या मराठीत अर्थ असा: इंद्रियांचा बाहेरच्या जगाशी संबंध आला की थंडी-ऊन, सुख-दुःख जाणवणारच. पण ही सगळी येणारी आणि जाणारी मंडळी आहेत, मुक्कामाला राहणारी नाहीत. म्हणून अर्जुना, ती सोस. या 'सोस'साठी भगवंतांनी जे क्रियापद वापरलंय, त्यातलाच शब्द म्हणजे तितिक्षा.

मला हा श्लोक कॉलेजपासून पाठ आहे. सज्जनगडावर बसून म्हटलाय, ऑफिसच्या कॅबमध्ये म्हटलाय. आणि २०२५ च्या मे महिन्यात, गुहागरला, याच श्लोकाच्या परीक्षेत मी साफ नापास झालो. आज तेच सांगतो. लाज वाटते, पण सांगतो.

आमची चिऊ तेव्हा अडीच वर्षांची. तिनं समुद्र फक्त पुस्तकात पाहिलेला. सातारा आणि सांगली दोन्हीकडच्या माणसांना समुद्र म्हणजे घाट उतरून जायची गोष्ट. म्हणून फेब्रुवारीतच ठरवलं की मेमध्ये गुहागर. मी, बायको, चिऊ, साताऱ्याहून माझी आई, आणि तासगावहून सासू-सासरे. आमच्याकडे सासऱ्यांना मामा म्हणतात, सासूबाईंना मामी. मामांची द्राक्षबाग आहे. त्यांना घराबाहेर काढणं म्हणजे एक प्रोजेक्टच असतो. दोन महिने त्यांच्या मागे लागलो होतो. शेवटी चिऊनं फोनवर "आबा, या" म्हटलं आणि ते कबूल झाले.

मी रीतसर एक्सेल शीट केली होती. किती वाजता निघायचं, चिऊची झोप कुठल्या टप्प्यात, कुठल्या दिवशी व्याडेश्वर, कुठल्या दिवशी हेदवीचा दशभुज गणपती, भरती-ओहोटीच्या वेळा. लाल बादली, पिवळं फावडं, बदकाच्या आकाराची ट्यूब. घरगुती राहण्याची सोय, पैसे आधी भरलेले.

आणि त्याच आठवड्यात अरबी समुद्रात कमी दाबाचं क्षेत्र तयार झालं.

बुधवारी मामांचा फोन आला. "पाव्हणं, आभाळ बरं दिसत न्हाई. पुढं ढकलू का?" मी म्हटलं, "मामा, सुट्टी मंजूर झालीये, पैसे परत मिळत नाहीत. मेमध्ये असा कितीसा पाऊस पडणार?" ते फक्त "बरं" म्हणाले.

शुक्रवारी, २३ तारखेला निघालो. मामा-मामी एसटीनं कराडला आले, तिथून सगळे एका गाडीत. पाटण, कोयनानगर, मग कुंभार्ली घाट. घाटात धुकं आणि पाऊस एवढा की पुढच्या गाडीचा लाल दिवाच काय तो दिसत होता. चिऊला दोनदा उलटी झाली. खाली पोफळीजवळ मामांनी विचारलं, "कोयनेचं पाणी हितंच पडतंय न्हवं?" हो, तिथंच. कोयना खरं तर महाबळेश्वरातून निघून कराडला कृष्णेला मिळणारी, म्हणजे सांगलीकडं जाणारी नदी. पण धरणातलं बरंचसं पाणी डोंगरातल्या बोगद्यांतून पोफळीला खाली सोडतात, त्यावर वीज तयार होते, आणि ते वाशिष्ठीतून पश्चिमेच्या समुद्राला जातं. टँकरवर बाग जगवलेला माणूस ते ऐकून काय बोलणार? मामा हसले. "आपलंच पाणी बघायला एवढ्या लांब आलो म्हणायचं."

शनिवार, २४ मे. ते कमी दाबाचं क्षेत्र आणखी तीव्र झालं होतं आणि त्या दिवशी दुपारच्या सुमारास रत्नागिरी आणि दापोलीच्या दरम्यान त्यानं किनारा ओलांडला. नकाशा उघडून बघा, गुहागर बरोब्बर त्या दोन गावांच्या मधे आहे. त्याच दिवशी मान्सून केरळात पोहोचला, १ जूनच्या नेहमीच्या तारखेच्या आठ दिवस आधी. माझ्या शीटमध्ये त्या दिवसासमोर लिहिलं होतं: 'सकाळी ८ ते ११ बीच'.

सकाळपासून लाईट नव्हती. वाडीतल्या पोफळी वाऱ्यानं अशा वाकत होत्या की बघवत नव्हतं. घरमालक काकांनी स्पष्ट सांगितलं, "आज समुद्राकडे कोणी फिरकायचं नाही." चिऊ दर दहा मिनिटांनी "समुद्र कुठंय?" म्हणून रडायची. आणि मी दर पाच मिनिटांनी मोबाईलवर ढगांचा नकाशा बघायचो, रेंज गेली की फोन खिडकीबाहेर धरायचो आणि बडबडायचो. वर्षातून एकदा सुट्टी मिळते. आमचंच नशीब असं. हवामानवाल्यांना काही कळत नाही. कोकणच नको होतं. बायको दोनदा म्हणाली, "अरे, जरा गप्प बस ना." मी तिच्यावरही डाफरलो.

चारच्या सुमारास पाऊस थांबला. मी चिऊला कडेवर घेतलं, बादली उचलली आणि निघालो. मामा फाटकापाशी उभे होते.

"पाव्हणं, समुद्र काय पळून चाललाय व्हय? आज नको."

आणि मी त्यांना म्हणालो, "मामा, तुम्हा शेतकऱ्यांना सुट्टी म्हणजे काय ते कळणार नाही. आम्हाला वर्षातून चार दिवस मिळतात."

हे वाक्य मी बोललो. रोज सकाळी तुम्हाला गीतेचा अर्थ सांगणारा मी.

मामा काही बोलले नाहीत. चप्पल घातली आणि आमच्यासोबत चालायला लागले.

किनाऱ्याआधी सुरूची झाडं आहेत. तिथं पोहोचलो तर एरवीची ती लांब-रुंद वाळू जवळजवळ दिसतच नव्हती. गढूळ पाणी आणि फेस. तरी झाडांच्या पुढं वाळूचा एक उंचवटा कोरडा होता. मी बादली आणि फावडं तिथं नेऊन ठेवलं. चिऊला पाच मिनिटं तिथं बसवायचं, एक फोटो काढायचा आणि परतायचं, असा हिशोब. तिला आणायला मागे वळलो. ती मामांच्या हाताला घट्ट धरलेली होती, किंवा मामांनी तिला घट्ट धरलं होतं. तेवढ्यात मागून आवाज आला. आधीच्या सगळ्या लाटांपेक्षा खूप आत आलेली एक लाट माझ्या गुडघ्यांवर आदळली. मी कसाबसा सुरूच्या झाडाला धरलं. पाणी मागे गेलं तेव्हा उंचवटा तिथं नव्हता. बादली लांब पाण्यावर तरंगत होती. लाल ठिपका. मग तोही दिसेना.

चिऊ बादलीसाठी मोठ्यानं रडायला लागली. माझे पाय थरथरत होते. मामांनी मला एक शब्द ऐकवला नाही. तिला उचलून म्हणाले, "समुद्रानं ठिवून घेतली बाळा. पुढच्या वेळी येऊन मागू." पाच मिनिटांनी ती त्यांच्या खांद्यावर झोपली होती.

संध्याकाळी पडवीत मामा फोनवर बोलताना ऐकू आले. "किती पाणी साचलंय? ... चर काढून दे खालच्या बाजूनं. ... उघडीप मिळाली की फवारणी घे. ... बाकी आपल्या हातात काय हाय? ठेव आता, नातीला जेवायला बसवायचंय." फोन खिशात ठेवला, आत आले, आणि चिऊला 'हा घास काऊचा' करत भात भरवायला लागले.

मी बायकोला विचारलं, काय झालं? तिनं मला जे सांगितलं ते मला लग्नाला सहा वर्षं होऊनही माहीत नव्हतं. एप्रिलमध्ये द्राक्षाची खरड छाटणी होते. नवीन काड्या फुटतात, आणि मे महिन्यात त्या काड्यांच्या डोळ्यांत सूक्ष्म घड तयार होतात. पुढच्या हंगामात वेलीला किती घड लागणार, ते तेव्हाच ठरतं. त्या दिवसांत लख्ख ऊन लागतं. आभाळ भरून राहिलं, पाऊस पडत राहिला, की घड तयारच होत नाहीत. ऑक्टोबरात छाटणी केल्यावर ते कळतं, पण नुकसान मेमध्येच झालेलं असतं.

म्हणजे मी ज्या आभाळाला माझ्या तीन दिवसांच्या सुट्टीसाठी शिव्या देत होतो, तेच आभाळ त्या माणसाच्या बागेवर होतं. वर्षभराच्या कमाईवर. आणि मी त्यांना म्हणालो होतो की तुम्हाला सुट्टी कळत नाही.

रात्री झोप लागेना. तीन-साडेतीनला उठून बाहेर आलो तर मामा पडवीतल्या बाकावर जागे बसलेले. पाऊस सुरूच होता. मी शेजारी बसलो आणि माफी मागितली. नीट जमली नाही, घसा दाटला. ते म्हणाले, "हां, लागलं मला ते. खोटं कशाला बोलू? पण तुम्ही पोरीपायी बोलला." मग थोड्या वेळानं मी विचारलं, "मामा, तुम्हाला बागेची काळजी नाही वाटत?"

"वाटती की. म्हणून तर बसलोय हितं. येती काळजी. येऊ द्यायची. थोडा वेळ बसती, मग जाती. तिला धरून ठिवलं तर मग आपणच तिच्यासंगं जातोय."

मामांनी गीता कधी हातात घेतलेली नाही. वारी मात्र केली आहे.

आता श्लोकाकडे येऊ.

परंपरेनं आद्य शंकराचार्यांच्या नावावर असलेला 'विवेकचूडामणी' हा ग्रंथ आहे. त्यात तितिक्षेची व्याख्या येते. तिचा भाव असा की दुःख सोसायचं, ते कसं? त्याचा प्रतिकार करायच्या मागे न लागता, त्याची चिंता न करता आणि विलाप न करता. ही व्याख्या वाचून तुमच्यातल्या काहींनी मला मागे विचारलं होतं की मग आजारी पडलो तर औषध घ्यायचं नाही का? नोकरी गेली तर दुसरी शोधायची नाही का?

त्या रात्रीनंतर मी या तीन गोष्टी वेगवेगळ्या करून बघायला शिकलो.

पहिली, प्रतिकार. सगळं सोडून ब्रह्मजिज्ञासेत बसलेल्या साधकासाठी प्रतिकार सोडणं ही मोठी गोष्ट आहे. पण अर्जुन संन्यासी नव्हता. आज आपण ज्या श्लोकावर बोलतोय, त्याच्यानंतर चारच श्लोकांनी, अठराव्या श्लोकात, भगवंत त्याला युद्ध कर म्हणतात. म्हणजे ज्याच्या अंगावर कर्तव्य आहे, त्याच्यासाठी तितिक्षा म्हणजे हात बांधून बसणं नाही. चर काढायची, फवारणी घ्यायची, औषध घ्यायचं. आणि पुढं हेही ऐका, कारण इथं भक्त मंडळीच जास्त चुकतात. 'देव बघून घेईल' म्हणत खवळलेल्या पाण्यात उतरणं हीसुद्धा तितिक्षा नाही. फाटकापाशी उभं राहून "आज नको" म्हणणं ही तितिक्षा. सुख आत्ताच, आजच हवं, हा हट्ट सोसून बाजूला ठेवता येणं. श्लोकात थंडी-उष्णतेबरोबर सुखही आहे, हे आपण वाचताना विसरतो. नुसतं दुःख सोसायचं नसतं, सुखाची ओढही सोसायची असते. त्या दिवशी मला पाऊस सोसला नाही असं नव्हतं. मला माझी इच्छा सोसली नाही.

दुसरी, चिंता. ती येते. मामांनाही आली, रात्री तीन वाजता. चिंता अजिबात न येणं ही सिद्धांची अवस्था असेल, तिथं पोहोचायला आपल्याला जन्म लागतील. पण श्लोकातला शब्द बघा, 'येणारी-जाणारी'. चिंतासुद्धा त्याच यादीत आहे. ती आली म्हणून आपण नापास होत नाही. मामा तिच्याशी भांडले नाहीत, तिला चहापाणीही केलं नाही. नुसते तिच्याजवळ बसले.

तिसरी, विलाप. हा मात्र शंभर टक्के आपल्या हातात आहे. चिंता मनात उठते, विलाप आपण तोंडानं करतो. दिवसभराची माझी ती बडबड, नशीब, हवामानवाले, कोकण, बायको, हा सगळा विलाप होता. आणि त्यानं काय केलं बघा. आधी त्यानं मला आंधळं केलं. शेजारी बसलेल्या माणसाचं माझ्यापेक्षा कितीतरी मोठं दुःख मला दिसलं नाही. मग त्यानं माझ्या तोंडून एका वडीलधाऱ्या माणसाचा अपमान करवला. आणि शेवटी तो मला माझ्या अडीच वर्षांच्या लेकीला घेऊन त्या पाण्याच्या काठाशी घेऊन गेला. पाऊस कुणाचं काही बिघडवायला आला नव्हता. बिघडवलं ते माझ्या विलापानं.

आपल्याला वाटतं, तितिक्षा स्वतःच्या मनःशांतीसाठी करायची. ध्यानाच्या ॲपसारखी. मला आता वाटतं, ती आधी दुसऱ्यासाठी असते. आपलं कण्हणं थांबलं की मगच दुसऱ्याचं कण्हणं ऐकू येतं. चिऊला बादली गेल्याचं दुःख होतं, मामांना बाग जाण्याचं. पण त्यांनी स्वतःचं बाजूला ठेवलं म्हणून त्यांच्या खांद्यावर तिच्या दुःखाला जागा झाली.

अजून एक बारीकशी गोष्ट. या एकाच श्लोकात भगवंत अर्जुनाला दोन नावांनी हाक मारतात. आधी कुंतीचा मुलगा म्हणून, मग भरताच्या कुळातला म्हणून. आधी आईकडून, मग वडिलांच्या घराण्याकडून. कुंतीनं आयुष्यभर काय सोसलं, हे अर्जुनाला सांगायला नको होतं. जणू भगवंत म्हणतायत की सोसणं तुला नवीन शिकायचं नाहीये, ते तुझ्या घरात आहे, मागे वळून बघ. आपल्याही घरात असतं ते. आपण ते पॉडकास्टमध्ये शोधत असतो.

रविवारी सकाळी रिमझिम होती. व्याडेश्वराचं दर्शन घेतलं. चिऊ घरमालकांच्या अंगणात साचलेल्या पाण्यात तासभर कागदी होड्या सोडत बसली आणि त्यालाच समुद्र म्हणाली. तिला ज्ञान झालं होतं असं मुळीच नाही. होडी बुडाली की ती अंगण डोक्यावर घ्यायची. पण दोन मिनिटांत ते रडणं संपायचं, आणि संपलं की खरंच संपायचं. आमचं तसं होत नाही. आम्ही संपलेला पाऊस चार-चार दिवस डोक्यावर घेऊन फिरतो. दुपारी निघालो. दुसऱ्या दिवशी, २६ मेला, मान्सून मुंबई-पुण्यापर्यंत येऊन थडकला होता.

ऑक्टोबरात छाटणी झाली. काही दिवसांनी मामांचा फोन आला. घड कमी निघालेत, निम्म्यापेक्षाही कमी. कर्जाच्या हप्त्याचं काय करायचं, ते बायको आणि मी मिळून बघतोय, ती वेगळी गोष्ट. फोनवर मामांचा आवाज थोडा थकलेला होता. मी काय बोलावं याचा विचार करत होतो, तेवढ्यात तेच म्हणाले, "पाव्हणं, पुढल्या साली खरड छाटणी उरकली की लगीच जाऊ समुद्राला. मे नको. पोरीची बादली मागायची हाय."

आजचा अभ्यास: आज दिवसभरात मनाविरुद्ध काहीतरी होणारच आहे. ट्रॅफिक, बॉसचा मेल, लाईट, पाऊस. उपाय असेल तो जरूर करा. काळजी आली तर येऊ द्या. फक्त एक करा: त्याबद्दल तोंडानं तक्रार करायची नाही, रात्री झोपेपर्यंत. आणि त्या वाचलेल्या वेळात शेजारच्या माणसाला विचारा, "तुमचं कसं चाललंय?" मी मे महिन्यापासून प्रयत्न करतोय. अजून एकही पूर्ण दिवस जमलेला नाही. पण मामांना रोज फोन मात्र करतो.

रामराया, जे येतं-जातं ते सोसायचं बळ दे, आणि आमच्या आवाजात दुसऱ्याचा आवाज बुडू देऊ नकोस.

॥ श्रीराम समर्थ ॥